तलावांच्या जिल्ह्यात भूक कशी आली? पवनीच्या निमित्ताने पाऊस, भात आणि हक्क

१८८१ साली जुन्या भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या होती ६,८३,७७९. १८९१ मध्ये ती ७,४२,८५० झाली. आणि १९०१ च्या जनगणनेत ती भरली ६,६३,०६२. म्हणजे वीस वर्षांपूर्वी होती त्यापेक्षाही कमी. दहा वर्षांत जवळजवळ ११ टक्के घट.

आता दुसरा आकडा बघा. त्याच काळातली इंग्रजी वर्णनं याच जिल्ह्यात ३,६४८ लहानमोठे तलाव असल्याचं सांगतात आणि त्याला ‘नागपूरचा तलावांचा प्रदेश’ म्हणतात. सिंचनाची सोय भरपूर आहे, असंही तिथेच लिहिलेलं सापडतं.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की संशोधनाचा प्रश्न आपोआप तयार होतो. साडेतीन हजारांवर तलाव असलेल्या जिल्ह्यात दुष्काळ पडला तर पडला, पण त्यात इतकी माणसं कशी गेली?

पेटची तयारी करणारे किंवा सिनॉप्सिस लिहायला बसलेले बरेच जण ‘हवामान बदल आणि अन्नसुरक्षा’ हा विषय निवडतात. विषय चांगलाच आहे. पण आपण विज्ञान शाखेची मुलं एक गोष्ट हमखास करतो. पावसाचा डेटा एका बाजूला, उत्पादनाचा दुसऱ्या बाजूला, मधे एक रिग्रेशन, आणि झाला पेपर. भूक मात्र त्या रेषेवर सापडत नाही. पाऊस आणि भूक यांच्यामध्ये बरंच काही उभं असतं. ते काय असतं, हे पवनीच्या आणि जुन्या भंडारा जिल्ह्याच्या इतिहासातून बघू.

पवनी कुठे आहे

भंडारा जिल्ह्यातलं, वैनगंगेच्या काठावरचं हे जुनं गाव. किती जुनं? १९६९-७० मध्ये शां. भा. देव आणि ज. प्र. जोशी यांच्या नेतृत्वाखाली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी इथे उत्खनन केलं आणि दोन हजार वर्षांपेक्षा जुने बौद्ध स्तूप उजेडात आले. एवढा काळ माणसं एका ठिकाणी टिकून राहतात, याचा अर्थ तिथे अन्नाची काहीतरी घडी बसलेली होती. नदी, काळी-पिवळी जमीन, भात, मासे, जंगल. एकोणिसाव्या शतकात पवनी रेशीमकाठी कापडासाठीही ओळखली जात होती. कोष्ट्यांचे माग हा इथला मोठा धंदा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

एक सूचना आत्ताच देऊन ठेवतो. जुना भंडारा जिल्हा म्हणजे आजचा भंडारा नव्हे. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा झाला. १९०१ मध्ये भंडारा, तिरोडा आणि साकोली या तीनच तहसिली होत्या आणि पवनी भंडारा तहसिलीत होती. १९०१ चे आकडे सरळ २०११ च्या आकड्यांशी लावले तर व्हायव्हाला पहिल्याच प्रश्नात अडकाल.

आधी भात समजून घेऊ

भंडारा जिल्ह्यात सरासरी साधारण १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. मराठवाड्यातल्या माणसाला हा आकडा श्रीमंतीचा वाटेल. पण भाताला वर्षाची बेरीज कळत नाही, त्याला वेळ कळते.

जूनमध्ये पऱ्हे टाकायचे, जुलै-ऑगस्टमध्ये बांधीत चिखल करून रोवणी करायची. सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला धान निसवतं, म्हणजे लोंब बाहेर येते, मग फुलोरा येतो आणि दाणा भरतो. या दोन-तीन आठवड्यांत बांधीत ओल नसेल तर लोंब येते पण दाणा पोचट राहतो. आधीचे तीन महिने कितीही पाऊस झालेला असो, उपयोग नाही.

आणि नेमका याच काळात मोसमी पाऊस परतीला लागतो. पाऊस जायची वेळ आणि धानाला पाण्याची सगळ्यात जास्त गरज असण्याची वेळ एकच. हलक्या धानाचं काम लवकर उरकतं. भारी धान जास्त पिकतं, पण ते जास्त दिवस घेतं, म्हणून त्याचा धोका मोठा.

तलाव आहेत ते या तीन आठवड्यांसाठी. त्यांचं काम वर्षभर पाणी पुरवण्याचं नव्हतं. जुलै-ऑगस्टचं पाणी अडवून ठेवायचं आणि सप्टेंबरअखेर एक-दोन पाणी द्यायचं, एवढंच. याला आज आपण ‘संरक्षित सिंचन’ म्हणतो. तेव्हा पेपरात लिहिताना ‘पावसाचं एकूण प्रमाण’ हा व्हेरिएबल घेण्याआधी विचार करा. भंडाऱ्यासाठी ‘१० सप्टेंबर ते १० ऑक्टोबरचा पाऊस’ हा जास्त बोलका निघू शकतो.

तलाव कुणी बांधले, पाणी कुणाचं

हे तलाव मुख्यतः कोहळी समाजाच्या लोकांनी बांधले. परंपरा अशी सांगते की चांद्याच्या गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला त्या तलावाखाली भिजेल तेवढी जमीन देऊ केली, आणि तलाव बांधण्यात तरबेज असलेले कोहळी इथे स्थिरावले. नवेगाव बांधसारखे मोठे तलाव त्यांच्याच नावावर सांगितले जातात. उतार कुठे आहे, पाळ कुठे घालायची, सांडवा कुठून काढायचा, वरच्या जंगलातून पाणी कसं येईल, याचं ज्ञान त्यांच्याकडे पिढीजात होतं. मोठ्या तलावाखाली लहान तलाव, त्याखाली शेतातली बोडी, अशी साखळी असे. वरच्याचं वाहून आलेलं पाणी खालच्यात थांबे.

इंग्रजांनी १८६० च्या दशकातल्या सेटलमेंटमध्ये मालगुजारांना गावाची मालकी दिली. आधी सारा वसूल करून देणारा माणूस आता मालक झाला. तलावही त्याचे झाले. म्हणून त्यांना ‘मालगुजारी तलाव’ हे नाव पडलं. गावकऱ्यांचे हक्क पुसले गेले नाहीत. कोणाला पाणी मिळेल, गुरं कुठे पाजायची, मासे कोण धरणार, गाळ कोण काढणार, हे ‘वाजिब-उल-अर्ज’ आणि पुढे ‘निस्तार पत्रक’ या कागदांत नोंदवलं गेलं. पण तलावाची चावी कोणाच्या हातात, हे ठरून गेलं.

एक गोष्ट नीट समजून घ्या. तलावामुळे बांधी वाचते. बांधी ज्याची आहे त्याचं पीक वाचतं. ज्याची बांधीच नाही त्याचं काय वाचतं? त्याची मजुरी. तीही मालकाचं पीक उभं राहिलं तरच. म्हणजे तलाव आणि मजुराचं ताट यांच्यामध्ये एक पायरी जास्त आहे. दुष्काळात आधी तीच पायरी तुटते.

दोन दुष्काळ, दोन हिशेब

आता १८९६ आणि १८९९ कडे येऊ. दोन्ही एल निनोशी जोडलेली वर्षं. पण दोन्हींचा स्वभाव वेगळा होता.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात पावसाची सुरुवात वाईट नव्हती. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस झाला. ऑगस्टच्या शेवटी तो थांबला आणि परत आलाच नाही. धान निसवायच्या वेळी आकाश कोरडं. त्यातच प्रांतात आधीची काही वर्षंही पिकांना वाईट गेली होती, लोकांच्या घरात साठा उरलेला नव्हता.

१८९९ मध्ये पाऊस मुळातच रुसला. देशाच्या फार मोठ्या भागात मोसमी पाऊस पडला नाही. तलाव भरलेच नाहीत, मग सोडायचं काय?

जलशास्त्राच्या नजरेने बघितलं तर तलावांचा खरा उपयोग १८९६ सारख्या वर्षी. ऑगस्टपर्यंत पाऊस झालेला, तलावात पाणी आलेलं, फक्त शेवटचा टप्पा कोरडा. १८९९ मध्ये पाऊसही नाही आणि तलावही नाही. तेव्हा जास्त माणसं १९०० मध्ये मेली असतील, असा आपला अंदाज असणार.

मध्य प्रांताचा एकूण मृत्युदर मात्र १८९७ मध्ये जास्त होता. १९०० मध्ये दुष्काळ मोठा असूनही तो १८९७ पेक्षा कमी राहिला. जास्त मोठा दुष्काळ आणि कमी मृत्यू. हे कसं?

पहिलं उत्तर सरकारी मदतीत आहे. १८९६-९७ मध्ये मदत उशिरा आणि हात राखून मिळाली. त्यानंतर १८९८ चा दुष्काळ आयोग बसला, आणि १८९९-१९०० मध्ये मध्य प्रांतात मदतीची कामं लवकर आणि मोठ्या प्रमाणावर निघाली. गावोगाव अन्नछत्रं उघडली गेली. १९०० च्या पावसाळ्यात प्रांताच्या लोकसंख्येपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा कुठल्या ना कुठल्या मदतीवर होता. पाऊस कमी होता, पण ताट आणि आभाळ यांच्या मधली फट थोडी बुजवली गेली होती.

दुसरं उत्तर कडू आहे. सगळ्यात अशक्त माणसं १८९७ मध्येच गेली होती. १९०० मध्ये मरायला ती शिल्लकच नव्हती. लोकसंख्याशास्त्रात हा मुद्दा नेहमी तपासावा लागतो. नाहीतर सरकारी अहवालातली ‘आमच्या मदतीने जीव वाचले’ ही ओळ तुम्ही जशीच्या तशी उचलाल.

तिसरं, सगळेच भुकेने मेले असंही नाही. कॉलरा, ताप, हगवण यांनी उपाशी शरीरं गाठली.

आता त्या ११ टक्क्यांकडे परत बघा. १८८१ ते १८९१ मध्ये लोकसंख्या सुमारे ८.६ टक्क्यांनी वाढली होती. तोच वेग राहिला असता तर १९०१ मध्ये ती सुमारे ८,०७,००० भरली असती. प्रत्यक्षातला फरक सुमारे १,४४,००० चा. हे सगळे मृत्यू आहेत का? नाही. काही जण वऱ्हाडात कापसाच्या कामाला गेले असतील, काही आसामच्या चहामळ्यांकडे. त्या काळात मध्य प्रांतातून दोन्हीकडे लोक जात होते. शिवाय दुष्काळात जन्मही कमी होतात. हा १,४४,००० चा आकडा मृत्यू, स्थलांतर आणि न झालेले जन्म यांची बेरीज आहे. ती सुटी कशी करायची, हा तुमच्यापैकी कोणाच्या तरी पीएचडीचा विषय होऊ शकतो.

धान्य होतं, पण कोणासाठी?

१८८० च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारी रेल्वे जिल्ह्यातून गेली. रेल्वेमुळे दुष्काळात धान्य आणता येतं, असं सरकारचं म्हणणं होतं आणि ते खरंही आहे. पण रेल्वे दोन्ही बाजूंनी धावते. चांगल्या वर्षी तांदूळ बाहेर जायला लागला, गावातली साठवण कमी झाली आणि इथला भाव लांबच्या बाजाराशी बांधला गेला. वाईट वर्षी गाडी धान्य घेऊन येते ती ज्याच्या हातात पैसा आहे त्याच्यासाठी.

इथे पवनीचे कोष्टी आठवा. त्यांची शेती वाळली नाही, कारण त्यांचा धंदाच शेतीचा नव्हता. पण दुष्काळात रेशीमकाठी धोतर कोण विकत घेणार? कापडाचं गिऱ्हाईक नाहीसं झालं आणि तांदळाचा भाव वर गेला. एका धोतराला जेवढा तांदूळ येत होता तो निम्म्यावर येतो, तेव्हा माग चालू असूनही घर उपाशी राहतं. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या पुस्तकात याच गोष्टीला सिद्धांताचं रूप दिलं: बाजारात अन्न आहे की नाही, यापेक्षा माझ्या हातात ते मिळवायचा हक्क किंवा ऐपत आहे की नाही हे ठरवतं की मी उपाशी राहणार का. सेन यांचा भर बंगालवर होता. पण ही चौकट पवनीच्या मागाला अगदी फिट बसते.

शेतमजूर, विणकर, ढिवर, गुराखी. पाऊस गेला तर यांच्यापैकी कोणाचंही स्वतःचं पीक बुडत नाही. तरी सगळ्यात आधी भूक यांनाच लागते. उत्पादनाच्या डेटात ही माणसं दिसतच नाहीत.

लाखोरीचा धडा

भंडाऱ्यात धान उभं असतानाच ओल्या बांधीत लाखोरी फेकतात. धान कापलं की उरलेल्या ओलीवर ती वाढते. खर्च जवळजवळ नाही, पाणी द्यावं लागत नाही, आणि डाळ मिळते. हवामान बदलाच्या भाषेत बोलायचं तर हे ‘क्लायमेट रेझिलियंट’ पीक.

पण तिच्या दाण्यात ओडीएपी नावाचं द्रव्य असतं. इतर अन्नाबरोबर थोडी लाखोरी खाल्ली तर सहसा काही होत नाही. दोन-तीन महिने मुख्य अन्न म्हणून तीच खाल्ली तर पाय लुळे पडू शकतात. याला लॅथिरिझम म्हणतात. १८९६ नंतरच्या दुष्काळी वर्षांत मध्य प्रांताच्या उत्तरेकडच्या जिल्ह्यांत हा आजार मोठ्या प्रमाणावर दिसला, कारण गहू बुडाला होता आणि गरिबाच्या वाट्याला लाखच उरली होती. पुढे अभ्यासांतून असंही दिसलं की पाण्याचा ताण पडला की दाण्यातलं हे द्रव्य वाढतं.

म्हणजे हवामानाने विषाचं प्रमाण वाढवलं. पण ताटात लाखोरी किती असावी हे हवामानाने ठरवलं नाही. ते मजुरीने आणि भावाने ठरवलं. १९६१ मध्ये लाखोरीच्या विक्रीवर बंदी घालण्याचं धोरण आलं, तरी या भागात तिचा पेरा चालूच राहिला. आजार गरिबीचा होता आणि बंदी डाळीवर आली.

तलाव सरकारजमा झाले तेव्हा

स्वातंत्र्यानंतर भंडारा मध्य प्रदेश राज्यात होता. तिथल्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि ३१ मार्च १९५१ पासून तलाव सरकारकडे आले. मालगुजारी संपणं न्यायाचंच होतं, त्याबद्दल दुमत नको. पुढे राज्य पुनर्रचनेत १९५६ ला जिल्हा मुंबई राज्यात आणि १९६० ला महाराष्ट्रात आला.

कायद्याने मालक बदलला. पण पाळीची डागडुजी, गाळ काढणं, पाणी वाटायला माणूस नेमणं, ही कामं कोण करणार? मालगुजाराच्या काळात ती त्याच्या दबावाने, वेठीनेही होत. वेठ गेली हे बरं झालं. तिच्या जागी गावाची स्वतःची व्यवस्था मात्र उभी राहिली नाही. तलाव ‘माजी मालगुजारी’ झाले, बोलीत त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. पूर्व विदर्भात आजही ते साडेसहा हजारांहून अधिक आहेत. अनेकांत गाळ साचला, काठावर अतिक्रमण झालं, पाण्यात बेशरम माजली. वरचं जंगल तुटलं तशी माती खाली येत गेली.

त्याचा परिणाम भातापुरता राहिला नाही. गाळ आणि बेशरम वाढली की देशी पाणवनस्पती जातात, त्यांच्याबरोबर देशी मासे जातात. आणि मासा हा इथल्या गरीब घरातला प्रथिनांचा मोठा आधार. ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ’ आणि मनीष राजनकर यांनी ढिवर समाजाबरोबर यावर बरंच काम केलं आहे: बेशरम काढणं, देशी पाणवनस्पती परत लावणं, स्थानिक मासे परत आणणं. कुठली वनस्पती कुठल्या माशाला लागते हे ढिवरांना माहीत होतं, आणि तेच ज्ञान या कामाचा पाया ठरलं. संशोधनात ‘पारंपरिक ज्ञान’ हा शब्द नुसता सजावटीला वापरतात. इथे त्याचा अर्थ कळतो.

गोसेखुर्दनंतर

२२ एप्रिल १९८८ ला पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते पवनी तालुक्यात गोसेखुर्द धरणाचं भूमिपूजन झालं. मूळ अंदाज ३७२.२२ कोटी रुपयांचा होता. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला, तोपर्यंत खर्च कितीतरी पटींनी वाढला होता. साठवण क्षमता १,१४६ दशलक्ष घनमीटर, सिंचनाचं उद्दिष्ट २,५०,८०० हेक्टर, दरवाजे ३३.

शेकडो लहान पाळींनी जे काम विखरून केलं होतं, ते आता एका मोठ्या भिंतीकडे आलं. याचे फायदे आहेत. जिथे पाणी पोचलं तिथे निसवण्याच्या वेळची भीती कमी झाली, काही ठिकाणी उन्हाळी धानही आलं. पण सगळा भार एका जागी आला की चूकही एकाच जागी मोठी होते.

ऑगस्ट २०२० च्या शेवटी मध्य प्रदेशात जोरदार पाऊस झाला, वरच्या संजय सरोवरातून पाणी सुटलं आणि गोसेखुर्दचे ३३ ही दरवाजे उघडावे लागले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत वैनगंगेचा मोठा पूर आला. उभं धान पाण्याखाली गेलं. १८९६ च्या ऑगस्टअखेर पाऊस थांबला होता. २०२० च्या ऑगस्टअखेर तो एकदम आला. आठवडे तेच, संकट उलटं.

दुसरं संकट हळू येणारं आहे. नागपूर शहराचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये, कन्हानमधून वैनगंगेत आणि तिथून गोसेखुर्दच्या जलाशयात येतं. वाहत्या नदीत जे पुढे निघून जात होतं ते आता थांबतं. जलपर्णी वाढते, मासेमारी करणाऱ्यांचं नुकसान होतं. याला हवामान बदल म्हणता येणार नाही. पण पवनीच्या अन्नाचा विचार करताना ते सोडून चालणार नाही. पर्यावरणातला बदल आणि हवामानातला बदल जेवणाच्या ताटात वेगवेगळे येत नाहीत.

आजचा पाऊस, कालची आणेवारी

पुण्याच्या आयआयटीएममधले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भूभागावर एकाच वेळी पडणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. तिकडे फिलिपाईन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शेतावर २००४ मध्ये असं दिसलं की कोरड्या हंगामात रात्रीचं किमान तापमान १ अंशाने वाढलं की भाताचं उत्पादन सुमारे १० टक्क्यांनी घटतं. हा आकडा भंडाऱ्याच्या खरिपाला जसाच्या तसा लावता येणार नाही. हंगाम वेगळा, वाण वेगळं. पण रात्रीच्या तापमानाकडे बघायला हवं, एवढं त्यातून नक्की कळतं. पाऊस, ओलावा आणि ऊब यांचं गणित बदललं की किडीही बदलतात. २०१७ मध्ये तुडतुड्याने पूर्व विदर्भातलं धान कसं फस्त केलं ते इकडच्या शेतकऱ्यांना आठवत असेल.

मग नुकसान झाल्यावर ते मोजतो कसं? पैसेवारी काढून. ही जुन्या आणेवारीचीच नात. चांगल्या पिकाला शंभर पैसे धरायचे, प्रत्यक्ष पीक ५० पैशांच्या खाली आलं की टंचाईच्या सवलती. विदर्भात खरिपाची अंतिम पैसेवारी ३१ डिसेंबरला जाहीर होते. धान त्याच्या आधीच कापून झालेलं असतं आणि मजूर कामाच्या शोधात बाहेर पडलेले असतात. पुराचा पंचनामा होतो तो सातबाऱ्यावर. ज्याच्या नावावर सातबारा नाही, म्हणजे मजूर, तोंडी बोलीने जमीन कसणारा, ढिवर, तो या मोजणीत येतच नाही.

इथे इतिहास आणि आज एकमेकांना भिडतात. १८९७ मध्येही जमीनवाल्याचं पीक किती बुडालं हे मोजलं जात होतं आणि मरत होते बिनजमिनीचे. आज रेशनचा तांदूळ आहे, २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आहे, रोजगार हमीचा महाराष्ट्राचा अनुभव आहे. १९७२ च्या दुष्काळात पिकं मोठ्या प्रमाणात बुडूनही सरकारी कामांवरच्या मजुरीमुळे फार मोठी जीवितहानी टळली. म्हणून १८९७ परत येणार नाही, असं मला वाटतं. पण ताटातला मासा गेला, लाखोरीची डाळ गेली आणि रेशनचा भात तेवढा उरला, तर पोट भरूनही शरीर अशक्त राहतं. तो तोटा कुठल्याच पैसेवारीत येत नाही.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

पहिलं, प्रश्न ‘हवामान बदलाचा अन्नसुरक्षेवर परिणाम’ असा ठेवू नका. तो खूप मोठा आहे आणि त्याचं उत्तर आधीच माहीत असल्यासारखं वाटतं. ‘सप्टेंबरचा पाऊस चुकला तर पवनी तालुक्यात पाणी कोणाला आधी मिळतं?’ हा प्रश्न लहान आहे, पण त्याला उत्तर मिळू शकतं.

दुसरं, फिल्डवर गेलात की ‘काका, पाऊस किती झाला?’ असं विचारू नका. तो आकडा हवामान खात्याकडे आहे. ‘काका, धान निसवलं तवा पानी कोठून घेतलं? आन् ज्याले नाही भेटलं त्यानं काय केलं?’ असं विचारा. आणि घरातल्या मावशीला वेगळं विचारा की त्या महिन्यात भाजीला काय होतं, मासे किती वेळा आले. दोघांची उत्तरं जुळतीलच असं नाही. ती जुळत नाहीत तिथेच तुमचं संशोधन सुरू होतं.

तिसरं, नियंत्रण गट हवा. तलाव नांदता असलेलं एक गाव, तलाव बुजलेलं एक गाव, कालव्याखालचं एक गाव. पाऊस तिघांना सारखाच पडला आणि धानही एकाच जातीचं असलं, तर उरलेला फरक पाणी कोणाच्या ताब्यात आहे यातून येतो का, हे तपासता येईल.

आणि शेवटचं. ज्या गावाचा अभ्यास करणार असाल तिथल्या तलावाचं निस्तार पत्रक शोधा. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज द्यावा लागतो, वेळ लागतो, कागद फाटका असू शकतो. पण त्या तलावाच्या पाण्यावर कोणाकोणाचा हक्क लिहिला होता हे त्यात सापडतं. ती यादी घेऊन तलावाच्या पाळीवर जा आणि आज त्यातलं कोण पाणी घेतं ते बघा. यादीतली जी नावं पाळीवर दिसणार नाहीत, त्यांच्या घरी आधी जा.